धातूचा स्वभाव संयुजा इलेक्ट्रॉनांवरून कसा ताडायचा

‘धातूंमध्ये मुक्त इलेक्ट्रॉन असतात, म्हणून त्यांतून वीज वाहते.’ दहावीच्या उत्तरपत्रिकेत या वाक्याला पूर्ण गुण मिळतात. वाक्य खरेही आहे, पण पुढचा प्रश्न विचारला की ते गप्प बसते. ॲल्युमिनिअमचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन मोकळे सोडतो, चांदीचा अणू एकच. मग विजेची सर्वांत चांगली वाहक चांदी कशी? मॅग्नेशिअम ६५० अंश सेल्सिअसला वितळते आणि आवर्तसारणीत त्याला खेटून बसलेले सोडिअम पाणी उकळायच्या आधीच वितळते, ते कशामुळे?

अशा प्रश्नांची उत्तरे पाठ करावी लागत नाहीत. कोणताही धातू घ्या आणि त्याच्या संयुजा इलेक्ट्रॉनांबद्दल तीन गोष्टी विचारा: ते किती आहेत, अणूने ते किती घट्ट धरले आहेत, आणि मोकळे झाल्यावर ते किती अंतर बिनधोक जाऊ शकतात. शाळेत आपण पहिल्या प्रश्नापाशीच थांबतो. माझ्या मते निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

सोबत आवर्तसारणी ठेवा. करून बघायचे असेल तर एक मल्टिमीटर, जुना पिवळा बल्ब, तांब्याच्या तारेचा तुकडा, खडेमीठ, लोखंडी खिळा आणि चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) जमवा.

पायरी १: इलेक्ट्रॉन मोजा

अणुअंक पाहा आणि संरूपण मांडा, म्हणजे आतून बाहेर कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन आहेत ते लिहा. सोडिअम (११): २, ८, १. मॅग्नेशिअम (१२): २, ८, २. ॲल्युमिनिअम (१३): २, ८, ३. शेवटच्या कवचातला आकडा म्हणजे संयुजा इलेक्ट्रॉन. तुलनेला क्लोरीन (१७) घ्या: २, ८, ७. बाहेर सात असलेला अणू आणखी एक मिळवायला बघतो, एक-दोन-तीन असलेला आहेत ते सोडायला बघतो. धातू आणि अधातू यांच्यातला ढोबळ फरक हाच.

आवर्तसारणीच्या मधल्या पट्ट्यात, म्हणजे संक्रामक मूलद्रव्यांत, ही मोजणी फसवते. लोखंड २, ८, १४, २ आणि तांबे २, ८, १८, १. नियमाने बोलायचे तर लोखंडाचे दोन आणि तांब्याचा एक. पण लोखंडाच्या आतल्या १४ पैकी काही इलेक्ट्रॉनही बंध जुळवण्यात भाग घेतात, म्हणून त्याची संयुजा कधी दोन तर कधी तीन असते. तांबेही एक आणि दोन अशा दोन्ही संयुजा दाखवते. मधल्या पट्ट्यातल्या धातूंसाठी ‘शेवटच्या कवचाच्या आतलेही काही’ अशी पुस्ती मनाशी जोडून ठेवा. पुढे ती वारंवार लागणार आहे.

पायरी २: पकड तपासा

अणूपासून एक इलेक्ट्रॉन ओढून काढायला लागणारी ऊर्जा म्हणजे आयनीभवन ऊर्जा. ती प्रति मोल किलोजूलमध्ये अशी आहे: पोटॅशिअम ४१९, सोडिअम ४९६, ॲल्युमिनिअम ५७८, मॅग्नेशिअम ७३८, तांबे ७४५. क्लोरीनची १२५१.

गणात खाली जाल तशी पकड सैल होते, कारण शेवटचे कवच केंद्रकापासून दूर जाते आणि मधली कवचे केंद्रकाची ओढ अडवतात. आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना पकड एकंदरीत घट्ट होते. हे आकडे वायुरूपातल्या सुट्या अणूंचे आहेत, एवढे लक्षात असू द्या. धातूच्या तुकड्यात एकही अणू सुटा नसतो, त्यामुळे या आकड्यांवरून कल आणि दिशा कळते, निकाल नाही.

पायरी ३: अणू शेजारी शेजारी मांडा

सोडिअमचे अणू एकमेकांना खेटले की कोणाचा इलेक्ट्रॉन कोणाचा हा हिशेब उरत नाही. बाहेरचे सगळे इलेक्ट्रॉन सामाईक होतात आणि मागे धन आयनांची जाळी राहते. पाठ्यपुस्तके याला इलेक्ट्रॉनांचा समुद्र म्हणतात. जाळी आणि हा ऋण समुद्र यांच्यातली ओढ म्हणजे धात्विक बंध. या बंधाला ठरावीक दिशा नसते. हिऱ्यातल्या कार्बनसारखे ‘याच चार शेजाऱ्यांशी, याच कोनात’ असे बंधन इथे नाही. ही एक गोष्ट पक्की धरली तर पुढे ठोकाठोकीचे कोडे आपोआप सुटते.

प्रत्येक अणूने जितके जास्त इलेक्ट्रॉन सामाईक केले, तितका आयनांवरचा धन प्रभार वाढतो, समुद्र दाट होतो आणि बंध मजबूत होतो. सोडिअम ९८ अंशांना वितळते, मॅग्नेशिअम ६५०, ॲल्युमिनिअम ६६०. आता चौकस विद्यार्थी विचारेल, की दोनाचे तीन झाले आणि फरक फक्त दहा अंशांचा? प्रश्न रास्त आहे. वितळताना बंध पूर्ण तुटत नाहीत, फक्त जाळीची शिस्त मोडते, आणि ती अणूंच्या रचनेवरही अवलंबून असते. बंधाचा खरा कस उकळताना लागतो, कारण तेव्हा अणू एकमेकांपासून पुरते सुटतात. सोडिअमचा उत्कलनांक सुमारे ८८०, मॅग्नेशिअमचा ११००, ॲल्युमिनिअमचा सुमारे २५०० अंश. इथे तिसऱ्या इलेक्ट्रॉनाचे वजन दिसते.

याच कारणाने गॅलिअमला घाबरू नका. त्याचेही संयुजा इलेक्ट्रॉन तीन, तरी ते ३० अंशांच्या आतच, तळहातावर वितळते. त्याच्या स्फटिकात अणू जोडीजोडीने बसतात, आणि ती विचित्र मांडणी सहज ढासळते. उकळायला मात्र त्याला २२०० अंशांच्या वर जावे लागते. बंध कच्चा नाहीच.

संक्रामक धातूंत पहिल्या पायरीतली पुस्ती कामाला येते. टंगस्टनचे आतले इलेक्ट्रॉनही बंधात उतरतात आणि द्रवणांक ३४२२ अंशांवर जातो. सगळ्या धातूंत तो सर्वाधिक. आवर्तसारणीच्या त्याच ओळीत, मधल्या पट्ट्याच्या टोकाला पारा आहे. त्याचे आतले कवच पूर्ण भरलेले, बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन केंद्रकाने आवळून धरलेले. सामाईक करायला फारसे काही नाहीच, म्हणून पारा उणे ३९ अंशांपर्यंत द्रव राहतो.

पायरी ४: वीज

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. एका घन सेंटिमीटर तांब्यात मुक्त इलेक्ट्रॉन किती? ८५ या आकड्यापुढे २१ शून्ये. त्याच मापात चांदीत ५९ पुढे २१ शून्ये आणि ॲल्युमिनिअममध्ये १८१ पुढे तितकीच. म्हणजे चांदीच्या तिपटीहून जास्त इलेक्ट्रॉन ॲल्युमिनिअमकडे आहेत. तरी तांब्याची वाहकता १०० धरली तर चांदीची १०५ च्या आसपास आणि ॲल्युमिनिअमची ६१.

फरक पडतो तो तिसऱ्या प्रश्नामुळे. इलेक्ट्रॉन कुठेतरी अडून दिशा बदलेपर्यंत किती अंतर जातो? खोलीच्या तापमानाला चांदीत सुमारे ५३ नॅनोमीटर, तांब्यात सुमारे ४०, ॲल्युमिनिअममध्ये साधारण १९. तांब्याचे दोन शेजारी अणू एकमेकांपासून पाव नॅनोमीटरवर असतात. म्हणजे तांब्यातला इलेक्ट्रॉन दीडशेच्या वर अणू न अडखळता ओलांडतो. नीट रांगेत बसलेले अणू त्याला अडवतच नाहीत. अडवतात ती थरथरणारी जाळी, परके अणू आणि रांगेतल्या चुका. पॉल ड्रूडने १९०० मध्ये इलेक्ट्रॉन आयनांवर आपटत जातात असे चित्र मांडले होते. त्या चित्राने बरेच काही समजले, पण हे दीडशे अणूंचे अंतर त्यात बसेना. ते समजायला पुंज यांत्रिकी यावी लागली.

तारेत धावणारे कण इलेक्ट्रॉनच आहेत, हे कसे कळले? टोलमन आणि स्ट्यूअर्ट यांनी १९१६ मध्ये धातूचे वेटोळे गरगर फिरवून एकदम थांबवले. जाळी थांबली, आतले मोकळे कण जडत्वाने पुढे गेले आणि क्षणभर प्रवाह दिसला. त्यावरून काढलेले प्रभार आणि वस्तुमानाचे गुणोत्तर इलेक्ट्रॉनाशी जुळले. मला हा प्रयोग फार आवडतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत तो का नसावा, कळत नाही.

एक गणित वहीत करून बघा. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर प्रवाह जातो आहे. प्रवाहाला इलेक्ट्रॉनांची घनता, तारेचा छेद आणि इलेक्ट्रॉनाचा प्रभार यांच्या गुणाकाराने भागा. इलेक्ट्रॉनांचा पुढे सरकण्याचा वेग मिळतो सेकंदाला ०.०७ मिलिमीटर. एक मीटर तार पार करायला पावणेचार तास! तरी बटण दाबताच दिवा लागतो, कारण विद्युतक्षेत्र तारेभर जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पसरते आणि सगळीकडचे इलेक्ट्रॉन एकदमच सरकू लागतात. दिव्यात पोचायला बटणापासून कोणी निघालेले नसते. हेच इलेक्ट्रॉन एरवी सैरावैरा मात्र सेकंदाला सुमारे १,५७० किलोमीटरने धावत असतात.

आता बल्ब. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब होल्डरमधून काढून हातात घ्या आणि त्याचा रोध मल्टिमीटरने मोजा. साधारण ६० ते ७० ओहम येईल. पेटलेल्या बल्बचा रोध गणिताने काढा: २३० चा वर्ग भागिले ६०, म्हणजे ८८२ ओहम. इलेक्ट्रॉन तेवढेच आहेत. तापल्यामुळे जाळी जोरात थरथरते, इलेक्ट्रॉन लवकर लवकर अडतात. तापवल्यावर रोध वाढणे ही धातूची ओळख. सिलिकॉनसारख्या अर्धवाहकात उलटे होते. तिथे तापल्यावर नवे इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो.

परके अणू मिसळले तरी अडथळा वाढतो. तांब्यात ३० टक्के जस्त घालून पितळ केले की वाहकता तांब्याच्या साधारण २८ टक्क्यांवर येते. निकेल आणि क्रोमिअमच्या नायक्रोमचा रोध तर तांब्याच्या साठपटीच्या घरात, म्हणून शेगडीची कॉइल नायक्रोमची असते.

मग गावाबाहेरच्या मनोऱ्यांवरच्या उच्चदाब तारा ॲल्युमिनिअमच्या का? वजनामुळे. तांब्याची घनता ८.९६, ॲल्युमिनिअमची २.७०. सारख्या वजनाच्या तारेत ॲल्युमिनिअम तांब्याच्या दुप्पट वीज वाहून नेते. ताण पेलायला मध्ये पोलादी तारा घालतात.

जाता जाता मॅग्नेशिअमची शंका. त्याच्या बाहेरच्या उपकवचात दोनच जागा आणि दोन्ही भरलेल्या. भरलेल्या जागांतून वीज वाहायला नको. पण असंख्य अणू एकत्र आले की ऊर्जापातळ्या पसरून पट्टे होतात, आणि भरलेला पट्टा वरच्या रिकाम्या पट्ट्यावर चढतो. इलेक्ट्रॉनांना सरकायला जागा मिळते.

पायरी ५: उष्णता

हे काम बहुतांशी तेच इलेक्ट्रॉन करतात, म्हणून विजेचा चांगला वाहक धातू उष्णतेचाही चांगला वाहक असतो. वीडेमान आणि फ्रांझ यांनी ही जोडी १८५३ मध्येच आकड्यांनी दाखवली होती, इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या चव्वेचाळीस वर्षे आधी. उष्णतावाहकतेचे आकडे वॅट प्रति मीटर केल्व्हिनमध्ये: तांबे ४००, ॲल्युमिनिअम २३७, लोखंड ८०, स्टेनलेस स्टील फक्त १५ च्या आसपास. लोखंडात क्रोमिअम आणि निकेल घातले की गंज थांबतो, पण इलेक्ट्रॉनांची वाटही अडते. स्टीलच्या पातेल्यात दूध मधोमध लागते ते यामुळेच, आणि त्यावर उपाय म्हणून बाहेरून तांब्याचा तळ देतात. हिरा तांब्याहूनही चांगला उष्णतावाहक आहे, पण तिथे मुक्त इलेक्ट्रॉन नाहीत. ताठ जाळीची कंपनेच उष्णता पुढे नेतात.

पायरी ६: ठोका आणि वाकवा

खडेमिठाचा खडा दगडावर ठेवून हातोडी मारा. चुरा होतो. मिठात धन आणि ऋण आयन आळीपाळीने बसलेले असतात. थर जरा सरकला की सारखे प्रभार समोरासमोर येतात, एकमेकांना ढकलतात आणि खडा फुटतो. तांब्याच्या तारेवर तोच घाव घाला. ती चपटी होते, तुटत नाही. थर सरकला तरी आयनांभोवती इलेक्ट्रॉनांचा समुद्र आहे तसाच राहतो, आणि बंधाला दिशा नसल्याने नव्या जागीही तो पूर्वीइतकाच जुळतो. वर्धनीयता (ठोकून पत्रा होणे) आणि तन्यता (ओढून तार होणे) या दोन्हींचे मूळ हे. एक ग्रॅम सोन्याची सुमारे दोन किलोमीटर तार ओढता येते ती याच जोरावर.

आख्खा थर एकदम सरकत नाही, ही त्यातली मेख. रांगेतली एखादी चूक एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जाते आणि थर थोडा थोडा पुढे जातो. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडले. तारेचा तुकडा एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवा. दर खेपेला वाकवायला जास्त जोर लागेल, कारण चुकांची संख्या वाढून त्या एकमेकींत गुंततात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे रोज चालते. ठोकून ठोकून तांब्याचा पत्रा ताठ झाला की कारागीर तो भट्टीत लाल करून पुन्हा मऊ करतात. तापल्यावर अणू जागा बदलतात आणि गुंता सुटतो. शेवटी मात्र भांड्यावर मठारकाम करतात. त्या ठोक्यांनी नक्षी उठते आणि भांडे कडकही होते.

धातूच्या नादाचे श्रेय मात्र संयुजा इलेक्ट्रॉनांना सरसकट देऊ नका. शिसेही धातूच आहे, पण त्याच्यावर मारले तर ‘थड’ एवढेच ऐकू येते.

पायरी ७: चकाकी आणि रंग

प्रकाश म्हणजे थरथरते विद्युतक्षेत्र. धातूच्या पृष्ठभागावरचे मोकळे इलेक्ट्रॉन त्याच्या तालावर हलतात आणि प्रकाश परत फेकतात. दृश्य प्रकाशातले सगळे रंग जवळजवळ सारखेच परततात, म्हणून बहुतेक धातू रुपेरी दिसतात.

तांबे आणि सोने रंगीत का? इथे पुन्हा आतले कवच. त्यातले इलेक्ट्रॉन उडी मारून वरच्या रिकाम्या जागी जाऊ शकतात, आणि त्या उडीला लागणारी ऊर्जा तांब्यात आणि सोन्यात दृश्य प्रकाशाच्या निळ्या बाजूकडून मिळते. तेवढा भाग शोषला जातो, उरलेला तांबूस किंवा पिवळा परततो. चांदीतही हीच उडी आहे, पण तिला अतिनील किरण लागतात, म्हणून डोळ्यांना चांदी पांढरीच. सोन्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आहेत. त्याच्या सर्वांत आतल्या इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त होतो आणि सापेक्षतेचे परिणाम बाहेरच्या कवचांपर्यंत जाणवतात. त्यामुळे उडी लहान होते. सापेक्षतेचा परिणाम नसता तर सोने बरेचसे चांदीसारखे दिसले असते.

पायरी ८: अभिक्रियाशीलता

काचेच्या ग्लासात मोरचुदाचे निळे द्रावण करा आणि त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा सोडा. काही मिनिटांत खिळ्यावर तांबूस लेप चढतो. लोखंडाने आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला दिले, स्वतः द्रावणात गेले आणि तांबे बाहेर आले. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि तो ग्लास पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. द्राक्षबागायतदारांना हा प्रयोग शिकवायची गरज नाही. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक नीट जमले का हे बघायला ते त्यात विळा किंवा खिळा बुडवतात. तो तांबूस झाला तर मोकळे तांबे उरले आहे, अजून चुना हवा.

पायरी ९: एक धातू पूर्ण वाचून बघा

जस्त घेऊ. संरूपण २, ८, १८, २. तांब्याच्या लगेच पुढचे, पण आतले १८ चे कवच आता केंद्रकाने आवळून धरले आहे, ते बंधात उतरत नाही. त्यामुळे बंध दुबळा असणार. द्रवणांक बघा: तांब्याचा १०८५, जस्ताचा ४२०. उत्कलनांक ९०७, धातूच्या मानाने कमीच. दृश्य प्रकाशात आतल्या इलेक्ट्रॉनांची उडी नाही, म्हणून रंग निळसर पांढरा. वाहकता तांब्याच्या २८ टक्क्यांच्या आसपास.

अभिक्रियाशीलतेला आल्यावर अडखळायला होते. जस्ताची पहिली आयनीभवन ऊर्जा ९०६, तांब्याची ७४५. दुसरी पायरी शब्दशः धरली तर जस्त तांब्याहून निष्क्रिय ठरायला हवे. प्रत्यक्षात जस्त सौम्य आम्लातून हायड्रोजन बाहेर काढते, तांबे काढत नाही.

हिशेब पूर्ण मांडा. धातू द्रावणात जायचा तर आधी अणू तुकड्यातून सुटा करावा लागतो, मग दोन इलेक्ट्रॉन काढावे लागतात, मग आयनाभोवती पाणी जमते. दोन इलेक्ट्रॉन काढायला जस्ताला २६३९ किलोजूल लागतात, तांब्याला २७०३. फार फरक नाही. पाणी जमताना सुटणारी ऊर्जा तांब्याच्या बाजूने किंचित जास्तच. पण अणू सुटा करायला जस्ताला १३० किलोजूल पुरतात आणि तांब्याला ३३८ लागतात. निकाल इथे लागतो. जस्ताचा द्रवणांक ज्या दुबळ्या बंधामुळे खाली आला, तोच बंध त्याला द्रावणात लवकर जाऊ देतो.

लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा देतात तो यामुळेच उपयोगी पडतो. पत्र्याला ओरखडा पडून लोखंड उघडे झाले तरी आधी जस्त इलेक्ट्रॉन सोडते आणि लोखंड वाचते. कथिलाच्या मुलाम्याला हे जमत नाही. कथिल क्रियाशीलता श्रेणीत लोखंडाच्या खाली आहे, त्यामुळे चरा पडलेला कथिलाचा डबा उघड्या जागी उलट लवकर गंजतो.